वर्कशॉपच्या छतावरून गेलेल्या डेकबाबत

गोंडपिपरी
शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

बुधवार, दिनांक १० डिसेंबर, सायंकाळचे चार वाजून वीस मिनिटं. ही वेळ कृपया कुठेतरी लिहून ठेवावी (तुमच्या मंडळाच्या नाटकाच्या वहीत नको, ती दर वर्षी हरवते). कारण पुढे येईलच. आधी रीत.

श्री. गुणवंतराव इवाई यांना कुंता इहिणीचा नमस्कार (पुण्याकडे व्याही-विहीण म्हणतात, पण आपण आपल्यासारखंच लिहू). तुमची दिव्यानी माझ्या पियुषला दिली त्याला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी तुम्हाला एकही वाकडा शब्द लिहिलेला नाही (बोललेले यात धरू नयेत). इकडे सर्व ठीक, म्हणजे जे जागेवर आहे ते ठीक. तुमच्या तब्येतीची चौकशी करायला हवी, पण ती मी काल दुपारी प्रत्यक्षच पाहिली. चौसष्टाव्या वर्षी इतक्या चपळाईने नाहीसा होणारा गृहस्थ मी चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीतसुद्धा पाहिला नाही, आणि तिथे नाहीसे होणारे पुष्कळ होते. रुखमाबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना सांगा, तेल गरम करूनच लावावं. त्यांनी पाठवलेले सिंगाडे मिळाले. गोड होते. त्यामुळे या पत्रातला एकही शब्द कमी होणार नाही.

आता माझा डेक. तो मी का केला, हे तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे, म्हणून पूर्ण लिहिते. तुम्ही जाणताच की आमच्या घराला लागून यांचं वर्कशॉप आहे, पंपाच्या मोटारी बांधायचं. हे जाऊन चार वर्षं झाली, तरी यांच्या हाताखालचा सुरेंद्र ते चालवतो आणि मला खालच्या ठोकाठोकीची सोबत होते. वर्कशॉपचं छत सपाट. माझ्या माडीच्या खोलीचं दार त्यावरच उघडतं. पण उघडून करायचं काय? पावसाळ्यात त्यावर तळं, उन्हाळ्यात तवा (मे महिन्यात मी तिथे पापड वाळत घातले ते भाजूनच निघाले), कठड्यात पिंपळ, कोपऱ्यात दोन मेलेल्या मोटारी आणि सकाळ-संध्याकाळ वांदरांची सभा. जंगलाकडचा सगळा देखावा वांदरं बघत होती आणि मी खोलीत बसून सासूबाईंच्या फोटोकडे बघत होते.

त्यात श्रावणात मी अंगणातल्या ओल्या पायरीवरून घसरले. काही झालं नाही, घोटा सुजला. पण तेव्हापासून पियुषचा फोन "आई, तिकडे तू एकटी" या पाच शब्दांखेरीज सुरू होत नाही. मोजून बघा, चारच आहेत. पण तो उसासा टाकतो तो मी एक धरते. मे महिन्यात मी त्यांच्याकडे पुण्याला एकवीस दिवस राहून आले आहे. तिथे बाल्कनी आहे. तिच्यात एका वेळी एकतर कपडे धुण्याचं यंत्र चालतं, नाहीतर मी बसते. शेजारी मला एवढंच विचारायचे की तुमच्याकडे वाघ घरात येतो का. आणि तुमच्या गुणी लेकीने माझ्यासाठी ज्येष्ठ नागरिकांच्या एका क्लबाची चौकशीही करून ठेवली आहे. तिथे सकाळी सात वाजता पन्नास म्हातारी माणसं गोलात उभी राहून, कोणी काही विनोद केलेला नसताना, हसतात. मी कॉन्व्हेंटात शिकले आहे, इवाईसाहेब. कारण नसताना हसल्याबद्दल आमच्याकडे बाकावर उभं करत.

शेवटी तह असा झाला की पियुष आणि दिव्यानी वीस डिसेंबरला, शनिवारी, इकडे येतील. मी इथे कशी राहते ते तो स्वतःच्या डोळ्यांनी बघेल, "आणि मग ठरवू." पियुषच्या तोंडून "ठरवू" आलं की माझी बॅग भरली जाते, हे मी त्याच्या वडिलांवरून ओळखते. तेव्हा मला काहीतरी दाखवायला हवं होतं. इथे मी नुसती उरलेली नाही, राहते आहे, हे सांगणारं काहीतरी. शब्दांवर त्याचा विश्वास नाही, म्हणून मी लाकूड काढलं. यांनी तीस वर्षांपूर्वी वन विभागाच्या डेपोतून लिलावात घेतलेलं सागवान (पावतीसह) वर्कशॉपच्या मागे झाकून ठेवलेलं होतं, माडीला आणखी एक खोली काढायची म्हणून. खोली राहिली, हे राहिले नाहीत, लाकूड राहिलं. मी ठरवलं, याचा छतावर डेक करायचा. खाली दहा इंचांचे पाय, म्हणजे पावसाचं पाणी खालून निघून जाईल आणि तापलेल्या स्लॅबची झळ तळपायाला लागणार नाही. वर सपाट फळ्या. तीन खुर्च्या, एक टेबल, तुळशीची कुंडी आणि मी.

मिस्त्री तुम्ही सुचवलात. "इहीणबाई, लाकडाची जमीन कराची तं डोमाच. या भागात दुसरा माणूसच नाई," हे तुमचे शब्द. ते खरेच होते. डोमा लाकडी जमीन करतो ती झाडीपट्टीतल्या नाटक मंडळांसाठी. म्हणजे त्याने जन्मात स्टेजशिवाय दुसरी जमीन केलेली नाही, एवढी बारीक गोष्ट सांगायची तुम्ही विसरलात.

मला पहिल्याच दिवशी समजायला हवं होतं. तो माप घेता घेता म्हणाला, "काकू, लोकं कोन्या बाजूनं बसतीन?" मला वाटलं, पाहुण्यांचं विचारतोय. मी म्हटलं, रस्त्याकडे तोंड करून बसलेलं बरं. झालं, डेक रस्त्याच्या बाजूला उतरता झाला. पहिल्या सकाळी मी टेबलावर चहाचा कप ठेवला आणि तो स्वतःच्या मनाने निघाला. मी डोमाला बोलावून विचारलं, हा उतार कशाला? तर म्हणे, "समोरच्याले पाय दिसले पायजेत जी." माझे पाय बघायला रस्त्यावर कोण थांबणार आहे, हे विचारायचं मी टाळलं. कठडा त्याने तीनच बाजूंना केला. चौथी बाजू, जिच्याखाली सरळ चौदा फूट रस्ता आहे, ती मोकळी. "तिकडून अडवलं तं दिसन कसं?" मी त्या मोकळ्या बाजूला खुर्ची टाकून बसले आणि कठडा होईपर्यंत उठणार नाही म्हणाले (अतिक्रमणाच्या जागेवर तहसीलदार बसतात तशी). तेव्हा त्याने तो केला, पण अडकवायचा. दोन कड्या काढल्या की हातात येतो.

मधोमध त्याने दोन फुटी चौकोनी झाकण केलं. हे कशाला, असं विचारल्यावर "लागते जी" असं उत्तर मिळालं. कोणाला लागतं? "ज्याले गायब व्हाचं हाये त्याले." आता माझ्या घरात गायब होणारं कोण आहे? आणि झाकणाखाली दहा इंच हवा आणि मग स्लॅब, म्हणजे कितीही घाईत असला तरी माणूस घोट्यापर्यंतच गायब होणार. सुरेंद्र त्यात डबा ठेवू लागला, थंड राहतो म्हणून.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, डोमाने एकही खिळा मारला नाही. सगळे बोल्ट. मी कौतुकाने विचारलं तेव्हा तो फळीवर हात फिरवत म्हणाला, "खिळा मारला का लाकूड एका जागी मरते, काकू. बोल्टाचं लाकूड फिरते." मला हे वाक्य इतकं सुंदर वाटलं की मी ते डायरीत उतरवून घेतलं. ते वेळापत्रक होतं, हे मला बुधवारी कळलं.

पण तीन आठवडे, इवाईसाहेब, मी राज्य केलं. सकाळी धुकं निघेपर्यंत तिथे चहा (कप हातात धरून), दुपारी पेपर, संध्याकाळी समोरच्या सागाच्या रांगेमागे सूर्य. खालून जाणारा गोंडपिपरीतला प्रत्येक माणूस वर बघून "काकू, बरं हाये ना?" म्हणायचा, आणि मी मान हलवायची. वांदरांनी आठवडाभर निषेध करून जागा सोडली. मी पियुषला चौदा फोटो पाठवले. त्याने एकाला अंगठा दाखवला आणि विचारलं, "पण आई, तिथे तू दिवसभर करतेस काय?" मी लिहिलं, "बसते." मला ते उत्तर पुरेसं वाटलं होतं.

मंगळवारी मी दाताच्या कामासाठी चंद्रपूरला मावसबहिणीकडे गेले. बुधवारी साडेतीनच्या सुमाराला परत आले, तोंड धुतलं, चहा केला, तिने बांधून दिलेले लाखोळीच्या डाळीचे वडे बशीत काढले आणि एका हातात कप, एका हातात बशी अशी माडीवर गेले. कोपराने दार ढकललं. आणि वर लिहिलेल्या वेळेला, रोजच्या सवयीने, समोर न बघता, मी डेकवर पाय ठेवला. डेक नव्हता. दहा इंच हा आकडा कागदावर फार लहान दिसतो. साठीच्या पुढच्या बाईला तो मध्येच भेटला तर त्यात सगळं आयुष्य आठवायला वेळ मिळतो. मी पडले नाही, हे सिस्टर फिलोमिनांमुळे. त्यांनी आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला शिकवलं होतं. चहा मात्र गेला आणि पाच वडे वांदरांनी नेले. ती इतक्या तत्परतेने आली की ती कटात सामील होती असं माझं मत आहे.

मी आधी चोरी समजले. खाली येऊन आरडाओरडा केला (वाक्य अर्धवट न सोडता). तर सुरेंद्र मोटारीतून डोकं वर काढून शांतपणे म्हणाला, "डोमाभाऊ घेऊन गेला ना जी, सकाळी अकरा वाजता. तुमच्या इवायाचं काम हाये म्हने. म्या म्हटलं तुमाले मालूम असन." कठड्याच्या कड्या त्यानेच काढून दिल्या होत्या. डबा आधी काढून घेतला होता, एवढी अक्कल शाबूत. शेजारची सुकरी तर कमरेवर हात ठेवून शाबासकीची वाट बघत उभी होती. "सात मानसं होते, काकू. सगळ्यायले मी चहा पाजला. तुमची इज्जत राखली." भर दिवसा, अख्ख्या गल्लीच्या डोळ्यांदेखत, गल्लीच्याच मदतीने माझी जमीन ट्रॅक्टरवर चढली आणि सर्वांना ते पुण्यकर्म वाटलं! आपल्याकडे दिवाळी ते होळी कोणी कोणाचं काहीही उचललं तरी त्याला चोरी म्हणत नाहीत, "नाटकाले नेलं" म्हणतात. माझा लग्नातला शालू असाच एका राणीसाठी गेला होता. आला तेव्हा राणीने त्यात विष प्यायलेलं स्पष्ट दिसत होतं. पण शालू नेताना निदान विचारलं होतं.

डोमाला फोन केला. त्याचं म्हणणं असं की करंजटोल्याच्या तुमच्या मंडळाचं स्टेज कापसाच्या ट्रॅक्टरखाली आलं, खेळ दुसऱ्या दिवसावर, आणि मग तुम्हीच म्हणालात, "आपलीच इहीण हाये, तिले काऊन इचारा लागते?" वर त्याने मला समजावलं की एकवीस तारखेपर्यंत आसपासच्या गावांना त्याने शब्द दिलेला आहे, तोवर डेक फिरणार. "आनि तुमी तं त्याच्यावर नुसत्याच बसता ना जी." हे वाक्य मला दहा इंचांपेक्षा जास्त लागलं. वीस तारखेला पियुष येणार. माडीचं दार उघडणार. समोर काय? दोन मेलेल्या मोटारी आणि आईचा रिकामा शब्द.

म्हणून काल, गुरुवारी, सकाळच्या बसने मी आष्टीचा पूल ओलांडून तुमच्या करंजटोल्यात आले. हे तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही त्यातला पहिला भागच वरून पाहिलात, म्हणून उरलेलं सांगते.

शाळेच्या पटांगणावर, चार फूट उंच लाकडी घोड्यांवर चढवलेला, लाल पडद्यांत गुंडाळलेला माझा डेक मी लांबूनच ओळखला. कडेच्या फळीवर माझ्या तुळशीच्या कुंडीचा गोल डाग होता. रात्रीच्या खेळाची तालीम चालू होती, आणि तालमीलाच निम्मं गाव जेवून-खाऊन येऊन बसलं होतं. वडसेहून आलेली ती डिंपल नावाची नटी पोरकी मुलगी होऊन जमिनीवर (माझ्या) लोळण घेऊन रडत होती. आणि तुम्ही, काळा शेरवानी कोट, चिकटवलेल्या मिशा, हातात चाबूक, गावाच्या जमिनीचा मालक मालगुजार होऊन गरजत होता, "निघ! माझ्या जागेतून निघ!"

आता तुम्हीच सांगा. माझ्या डेकवर उभं राहून, मला न विचारता आणलेल्या माझ्या सागवानावर टाच आपटून, तुम्ही ते वाक्य म्हणालात. कोणती बाई गप्प बसेल? मी खालूनच विचारलं, "कोणाची जागा?" आवाज न चढवता शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचं शिक्षण मला मिळालेलं आहे. तो पोचला. सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. आणि मी पायऱ्या चढून वर आले. (उतार पाठ असल्यामुळे मी न अडखळता आले, हे नंतर लोकांनी वाखाणलं.)

मी फक्त तुमच्याशी बोलायला आले होते. पण ती डिंपल मुरलेली नटी. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि धावत येऊन माझ्या पायांना मिठी मारली. "माय! आलीस तू, माय!" मी स्पष्ट सांगितलं, "मी हिची माय नाही." खरं तेच सांगितलं. त्यावर बायकांच्या बाजूने "ओ माय!" असा जो सामुदायिक हुंदका उठला, तो मी जन्मात विसरणार नाही. मी म्हटलं, ही कोण मला ठाऊक नाही, पण ही फळी आणि ही फळी आणि ही सगळीच जमीन माझी आहे. माझ्या नवऱ्याने घेतलेली आहे. तुमच्यासारखे आले आणि बाई एकटी बघून उचलून घेऊन गेले! आणि पर्समधून डेपोची पावती काढून वर धरली. शिट्ट्या, इवाईसाहेब. शिट्ट्या आणि टाळ्या. सातबारा सापडला, सातबारा सापडला, असं एक म्हातारे गृहस्थ उभे राहून बाकीच्यांना सांगत होते.

मग मी तुमच्याकडे वळले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, तुमच्या मिशीची डावी बाजू सुटली, तुम्ही वाकलात, झाकण उघडलंत आणि गेलात. माझ्याच झाकणातून! माझ्या छतावर जिथे घोट्यापर्यंत जागा होती तिथे आता चार फूट मोकळी, त्यामुळे तुम्ही पूर्ण मावलात. लोकांना वाटलं, खऱ्या मालकिणीला बघून पाप्याला धरणीने पोटात घेतलं. दोघी-तिघींनी हात जोडले.

मी झाकणापाशी बसून तुमच्या नावाने हाका मारल्या, तर पडद्यामागून तुमचा तो दिनेश, ज्याला तुम्ही दिग्दर्शक म्हणता, वही हातात धरून कुजबुजला, "बाई, थोडसं उजवीकडे सरका, चेहऱ्यावर उजेड नाई येऊन राह्यला." त्याला मी जे उत्तर दिलं त्यालाही टाळ्या पडल्या. आणि तेवढ्यात भोंग्यावरून पुकारा झाला की नवीन मायच्या कामावर खूश होऊन चौकातल्या पानठेल्याकडून एक नारळ आणि एक टॉवेल. मी निषेध म्हणून घेणार नव्हते. पण टॉवेल चांगल्या प्रतीचा आहे.

रुखमाबाईंनी मला घरी नेऊन जेवू घातलं. त्यांच्याकडून कळलं की तुम्ही माझी परतीची बस सुटेपर्यंत, म्हणजे सव्वा दोन तास, डेकखालीच होता आणि तिथून आत पाणी मागवत होता. तुमचा फोनही तेव्हापासून बंद आहे.

म्हणूनच हे पत्र. माझी तक्रार खरी आहे, सकारण आहे आणि सपुरावा आहे. पण मी ती तोंडाने मांडली तर गाव टाळ्या वाजवतं आणि आरोपी जमिनीत जातो. कागदाला शिट्टी मारता येत नाही. नाटकाची मला आवड नाही, कधीच नव्हती. त्यात लोक फार मोठ्याने बोलतात. माझं मागणं साधं आहे. डेक शुक्रवार दिनांक १९ पर्यंत, सर्व फळ्या, सर्व बोल्ट आणि चौथ्या कठड्यासह, माझ्या वर्कशॉपच्या छतावर जसा होता तसा (उतार काढून दिलात तर उपकार) बसवून मिळावा. डोमाने कोणाला काय शब्द दिला आहे, ते तुम्ही आणि डोमा बघून घ्या. वीस तारखेला माझ्या मुलाने दार उघडलं आणि पाऊल दहा इंच खाली गेलं, तर तो मला पुण्याला नेणार हे नक्की, आणि तसं झालं तर ते तुमच्यामुळे झालं हे तुमच्या लेकीला मी गाडीत बसल्या बसल्या, चंद्रपूर ते पुणे, न थांबता सांगेन.

याचं लेखी उत्तर, सहीनिशी, बुधवार दिनांक १७ डिसेंबर रोजी सायंकाळी पाच वाजायच्या आत माझ्या हाती यावं. फोन चालणार नाही. रुखमाबाईंच्या हाती सिंगाडे पाठवून विषय संपणार नाही.

आपली,
कुंता लोनबले
निवृत्त अव्वल कारकून

ता. क. पाकीट चिकटवणार एवढ्यात पियुषचा फोन आला. करंजटोल्यातल्या कोणीतरी कालचं सगळं मोबाइलवर टिपून दिव्यानीला पाठवलं आहे. तिने सात वेळा बघितलं म्हणे, आणि वडील कुठे गेले म्हणून काळजीत आहे, तिला कळवा. पियुष म्हणाला, "आई, हे तू आहेस?" मग, "पायऱ्यांवरून पडली नाहीस ना?" आणि मग विचारलं, "परत कधी आहे?" श्रावणापासून पहिल्यांदा त्याचा फोन "एकटी" या शब्दाशिवाय संपला. मी खूप वेळ रिसीव्हर हातात धरूनच बसले होते (मोबाइल आहे, पण सवय).

ता. क. २. त्यामुळे वरच्या मजकुरात थोडा बदल. डेक १९ तारखेला आणू नये. वीसला, शनिवारी, तो ज्या गावी असेल तिथेच असू द्यावा, आणि त्या रात्री तुमच्या मंडळाचा खेळही तिथेच लावावा. दिनेशचाही फोन येऊन गेला. रात्रीच्या खेळाला लोक "पावतीवाली माय कुठी हाये?" म्हणून अडून बसले होते आणि तिसरा अंक सुरू होऊ देईनात. मंडळाच्या शिस्तीचा प्रश्न आहे म्हणून मी विचार करीन, असं त्याला सांगितलं आहे. डिंपलने मिठी गुडघ्यांच्या खाली मारावी. तुम्ही झाकणातून जाताना इतकी घाई करू नये, माझं एक वाक्य राहून जातं. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या, पियुष आणि दिव्यानीसाठी, पाठ असलेल्या.

ता. क. ३. उत्तर बुधवारऐवजी सोमवारी, दिनांक १५ ला, दुपारी बाराच्या आत हवं, लेखीच हवं, आणि त्यासोबत नाटकाची वही हवी. कारण फोन ठेवता ठेवता पियुष म्हणाला की बॅग भरायची असेल तर आधी सांग, आणि मी त्याला सांगून बसले आहे की होळीपर्यंत माझ्या तारखा लागलेल्या आहेत. तेव्हा त्या कृपया लावून घ्याव्यात.